मोठे सर, लिफ्टचा प्रश्न आणि कोरं पडलेलं रजिस्टर: लातूरच्या एका क्लासचं प्रकरण

हे प्रकरण लातूरच्या एका नीट-जेईई क्लासचं आहे, नाव सांगणार नाही आणि कुणी शोधायच्या मागे पण लागू नका, ट्यूशन एरियात अशा पाट्या शेकड्यानं आहेत. मी तिथं साडेचार वर्षं टेस्ट सेलला होते. म्हणजे दर रविवारच्या टेस्टचा पेपर टाईप करून घ्यायचा, छापायला द्यायचा, ओएमआर शीट म्हणजे गोल काळे करायच्या उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, आन्सर की म्हणजे बरोबर उत्तरांची यादी टाकायची आणि सोमवारी सकाळी आठच्या आत रँक लिस्ट नोटीस बोर्डवर आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली पाहिजे. शिकवणारे, ऑफिसवाले, हॉस्टेलवाले मिळून आम्ही ३८ जण होतो, आणि सगळ्यांच्या वर मोठे सर. मालक तेच, फिजिक्स शिकवणारे तेच, फ्लेक्सवर तेच.

आधी एक सांगते. मी डॉक्टर नाही आणि मोठ्या सरांना कुठला आजार होता असं मला म्हणायचं नाही. नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे मीपणा आजाराच्या थराला जाणं, हे निदान करायला डीएसएम-५ मधे, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकेतल्या पुस्तकात, नऊ लक्षणं दिलीत, त्यातली किमान पाच असावी लागतात आणि ते ठरवायचं काम मानसोपचारतज्ज्ञाचं असतं, आपण चहाच्या टपरीवर बसून कुणाला तो शिक्का मारू नये. पण स्वभाव म्हणून हा मीपणा कमीजास्त प्रमाणात पुष्कळ लोकांत असतो, आणि अशा माणसाच्या हातात ३८ लोकांचा पगार आला की त्या लोकांचं काय होतं ते मी रोज बघितलंय, त्याच्याबद्दल लिहिते.

आणि सर काही पहिल्यापासून तसे नव्हते, निदान आम्हाला तरी दिसत नव्हते. मी जॉईन झाले तेव्हा मला वाटलेलं नशीब काढलं. सर शिकवायचे जबरदस्त. रोटेशनल मोशन शिकवताना स्वतः फिरत्या खुर्चीवर बसून हातात डंबेल घेऊन गोल फिरायचे, हात आत घेतले की खुर्ची जोरात फिरायची आणि दोनशे पोरं एकदम ओरडायची. नवीन माणसाला पहिल्या दिवशी केबिनमधे बोलवून अर्धा तास बोलायचे, तुमच्या घरी कोण कोण आहे, वडील काय करतात, आणि निघताना म्हणायचे की तुमच्यासारखा माणूस मी दोन वर्षं शोधायलोय. मला पण तेच म्हणाले. नंतर कळलं की सगळ्यांना तेच म्हणालेले, पण त्या दिवशी मी घरी जाऊन आईला सांगितलं तेव्हा माझा आवाज भरून आला होता.

ह्याच्यावर अभ्यास झालेला आहे. अशी माणसं सुरवातीला लोकांना फार आवडतात, ग्रुपमधे नेता कोण असं विचारलं की त्यांचंच नाव पुढं येतं, आणि मग जसजसे आठवडे जातात तसतसं तेच लोक त्यांना कमी मार्क द्यायला लागतात. २०१६ मधे ओंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर असं काम केलं होतं. २०१५ मधे ग्रिहाल्व्हा आणि इतरांनी आधीचे पुष्कळ अभ्यास एकत्र करून बघितले तर त्यात निघालं की असा स्वभाव असणारा माणूस नेता म्हणून वर येण्याची शक्यता जास्त, पण वर आल्यावर काम चांगलं होतं का याच्याशी त्या स्वभावाचा सरळ संबंध दिसत नाही. थोडा आत्मविश्वास हवाच, तो फार झाला की नासतं. वाचताना मला आमच्या क्लासचा पहिला मजला आणि दुसरा मजला आठवत होता, पहिल्या मजल्यावर नवीन ॲडमिशनवाले पालक भारावून बसलेले आणि दुसऱ्या मजल्यावर स्टाफरूममधे कुणी कुणाशी मोठ्यानं बोलत नाही.

सरांची एक गोष्ट होती, ती प्रत्येक सेमिनारला असायची. बालाघाटच्या डोंगरातलं गाव, वडील सालगडी, पत्र्याच्या खोलीत ११ पोरं घेऊन क्लास सुरू केला. खरी गोष्ट होती, खोटी नव्हती, आणि पालकांच्या डोळ्यात पाणी यायचं कारण त्यांचंही घर तसंच असायचं. पण त्या गोष्टीतून माणसं गळत गेली. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा त्यात केमिस्ट्री शिकवणारे एक भागीदार होते, खोलीचं भाडं त्यांनी भरलेलं. दुसऱ्या वर्षी ते "एक मित्र" झाले, तिसऱ्या वर्षी नाहीतच. सरांच्या मिसेसनं दागिने मोडले होते ते पण शेवटी शेवटी सांगायचे बंद झाले. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही.

फ्लेक्सचं पण तसंच. जुने फोटो ऑफिसच्या कॉम्प्युटरला होते म्हणून मला वर्षावार बघायला मिळाले. सुरवातीच्या फ्लेक्सवर टॉपर पोरांचे फोटो मोठे आणि कोपऱ्यात सरांचा पासपोर्ट साईज. मग दोन्ही सारखे. २०२३ च्या फ्लेक्सवर सर उभे, कमरेपासून वर, हात बांधून, आणि पोरं खाली ओळीनं पोस्टाच्या तिकिटाएवढी, नाव वाचायला रिक्षा थांबवावी लागेल. चॅटर्जी आणि हॅम्ब्रिक नावाच्या दोघांनी २००७ मधे अमेरिकेतल्या कॉम्प्युटर क्षेत्रातल्या १११ सीईओंवर अभ्यास केला, त्यात मीपणा मोजायचं एक माप काय घेतलं तर कंपनीच्या वार्षिक अहवालात साहेबाचा फोटो केवढा छापलाय. अजून मापं होती, पगार वगैरे, पण फोटो हे त्यातलं एक. आणि निघालं काय तर अशा साहेबांच्या कंपन्या सरासरीनं बऱ्याही नसतात आणि वाईटही नसतात, पण त्यांचे चढउतार मोठे असतात, एक तर एकदम वर नाही तर एकदम खाली. आमच्या क्लासला हे तंतोतंत लागू पडत होतं. एका वर्षी तीन नवीन शाखांची घोषणा, पुढच्या वर्षी दोन शाखांच्या शटरला कुलूप, आणि कुलूप का लागलं हे विचारायची कुणाची छाती नाही.

आता मुख्य घटना. २०२३ ची दिवाळी झाली आणि पहिल्या रविवारी फुल सिलॅबस टेस्ट होती, ७२० मार्कांची, बरोबर उत्तराला चार आणि चुकीला वजा एक, नीटसारखीच. ह्या टेस्टवरून बॅचेस बदलायच्या होत्या. वरची १२० पोरं ए बॅचला, त्यांना मोठे सर स्वतः शिकवणार, बाकीची बी आणि सी. (मार्कांवरून पोरांच्या बॅचेस वेगळ्या करू नका असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मधे सांगितलं, तेव्हा ते आलेलं नव्हतं आणि सगळीकडे हेच चालायचं.) फिजिक्सचा पेपर सरांनी स्वतः काढलेला, शनिवारी रात्री दहा वाजता त्यांनी मला हातानं लिहिलेली पानं आणि की दिली, मी टाईप करून घेतला, दुसऱ्या कुणी बघितला नाही.

प्रश्न नंबर ३७ असा होता. ६० किलोचा माणूस लिफ्टमधे वजनकाट्यावर उभा आहे, लिफ्ट खाली येतेय आणि थांबण्यासाठी दर सेकंदाला २ मीटर प्रति सेकंद एवढा वेग कमी करतेय, काटा किती न्यूटन दाखवेल, जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण १० धरा. सरांच्या कीमधे उत्तर ४८० होतं. लिफ्ट खाली येतेय म्हणून त्यांनी दहातून दोन वजा केले. पण लिफ्ट खाली येताना ब्रेक लावतेय म्हणजे त्वरण वरच्या दिशेनं आहे, पाय जड वाटतात तेव्हा, लिफ्टमधे बसलेल्या कुणालाही माहिती असतं. दहात दोन मिळवायचे, ६० गुणिले १२, उत्तर ७२०. चूक साधी आहे, रात्री दहाला थकलेल्या कुठल्याही माणसाकडून होईल, त्यात काही नाही. की दुरुस्त केली असती, लिस्ट परत लावली असती, अर्ध्या तासाचं काम.

आमच्याकडे फिजिक्सचे एक तरुण सर होते, परभणी जिल्ह्यातले, वय २६, एमएस्सी करून आलेले, मी त्यांना छोटे सर म्हणते. मंगळवारी दुपारी तीनला स्टाफ मीटिंग असायची. मीटिंग संपत आली आणि छोटे सर उभे राहिले, उभंच राहावं लागायचं, आणि एकदम हळू म्हणाले, "सर, ३७ नंबरची की जरा बघावी लागेल असं वाटतंय."

सर काही बोलले नाहीत. पेनाचं टोपण काढलं, लावलं. मग विचारलं, "किती वर्षं झाली तुला शिकवायला?"

"दोन, सर."

"आणि मला?"

छोटे सर गप्प. सर म्हणाले, "एकोणीस. मग मला फिजिक्स शिकवायलास का तू?" दोघं तिघं हसले, हसायची जागा होती ती, आम्हाला कळायचं कुठं हसायचं. छोट्या सरांनी फळ्याकडे बघितलं, बहुतेक आकृती काढून दाखवावी असं वाटलं असेल, पण गेले नाहीत. मग सरांनी जे केलं ते मी विसरू शकत नाही. म्हणाले, "आणि पेपर चेक करायला तुझ्याकडेच दिला होता ना शनिवारी, तेव्हा झोपला होतास का?" आणि माझ्याकडे वळून, "काय मॅडम, दाखवला होता ना ह्याला?"

मी म्हणाले, "हो सर."

नव्हता दाखवला. ती पानं माझ्या टेबलावरून कुठं गेलीच नव्हती. मला कुणी धमकी दिली नव्हती, आवाजही चढवला नव्हता सरांनी, फक्त बघितलं माझ्याकडे, आणि तोंडातून हो निघून गेलं, विचार करायच्या आत. घरी दोन लेकरं, नवऱ्याचं दुकान तेव्हा नुकतंच बंद पडलेलं, आणि माझी डिग्रीची ओरिजिनल सर्टिफिकेटं क्लासच्या कपाटात जमा. ही कारणं खरी आहेत. पण खोटं बोलले ते मीच.

अशा साहेबाखाली काम करणाऱ्यांबद्दल लिहिताना सगळे फक्त पीडित म्हणून लिहितात, मला ते अर्धवट वाटतं. असा माणूस त्याच्या भोवतीच्यांना त्याच्या खोट्यात सामील करून घेतो. हसणारे दोघं सामील, हो म्हणणारी मी सामील, गप्प बसलेले बाकीचे सामील. आणि एकदा सामील झालात की मग तुम्हाला बोलायचा हक्क राहिला नाही असं तुमचं तुम्हालाच वाटायला लागतं. साहेब त्याच्यावरच तर चालतो.

कडक साहेब आणि असा साहेब यात लोक गल्लत करतात म्हणून सांगते. माझे पहिले साहेब, डाळ मिलच्या ऑफिसातले, भयंकर कडक होते, हिशोबात रुपयाचा फरक निघाला तर सात वाजेपर्यंत बसवायचे, शिव्या पण द्यायचे. पण त्यांना रुपया सापडायला हवा असायचा. चूक त्यांचीच निघाली तर "हात तिच्या, माझंच चुकलं" म्हणून मोकळे व्हायचे आणि चहा सांगायचे. मोठ्या सरांना बरोबर उत्तर नको होतं, त्यांना ते स्वतः बरोबर असायला हवे होते. वरून दोन्ही साहेब सारखेच रागीट दिसतात, खालच्या माणसाला मात्र महिनाभरात फरक कळतो.

मीटिंगनंतर की बदलली नाही. सोमवारची लिस्ट तशीच राहिली. मी त्या रात्री ऑफिसात थांबून एक काम केलं, ३७ चं उत्तर ७२० धरून सगळा डेटा परत फिरवला. ११ पोरं ए बॅचमधे यायला हवी होती आणि ११ बाहेर जायला हवी होती. फाईल "लाईट बिल नोव्हेंबर" नावानं सेव्ह केली आणि कुणालाच दाखवली नाही. त्या अकरात एक चाकूर तालुक्यातली मुलगी होती, ५२१ मार्क, ए बॅच ५२३ ला बंद झालेली. तिचं उत्तर ७२० होतं, चार मिळायच्या ऐवजी एक गेला, पाच मार्कांचा फरक, म्हणजे ती ५२६ ला असायला हवी होती. तिचे वडील गुरुवारी आले. सोयाबीन विकून दुसरा हप्ता भरलेला माणूस, टोपी हातात धरून माझ्या काउंटरसमोर उभा, विचारत होता की पोरगी कमी पडायली का हो मॅडम, का तिचं लक्ष नाही. मी म्हणाले पुढच्या टेस्टला होईल दादा.

पण दोन पालकांना प्रश्न कळला, एकाचा भाऊ इंजिनिअर होता, त्यांनी सरांना फोन केला. सर फोनवर म्हणाले की नवीन मुलानं पेपर काढला होता, मी त्याला समज दिलीय. तिथंच बसले होते छोटे सर, केबिनच्या काचेच्या पलीकडे, आवाज बाहेर येत होता.

पुढच्या आठवड्यात छोट्या सरांचं नाव टाईमटेबलातून गेलं. त्यांना तळमजल्यावरच्या डाऊट काउंटरला बसवलं, जिन्याखाली, जिथं मोबाईलला रेंज नाही. कुणी काही सांगितलं नव्हतं तरी लोकांनी त्यांच्याबरोबर चहाला जायचं बंद केलं, आपणही तिकडं गेलो तर उद्या आपली पाळी, एवढं प्रत्येकाला समजत होतं. मग डिसेंबरात त्यांचा वाढदिवस आला तर मोठ्या सरांनी अचानक केक मागवला, सगळ्यांसमोर मिठी मारली, म्हणाले हा माझा लहान भाऊ आहे, याला मी घडवणार. छोटे सर इतके खूश झाले की मला सांगत होते, ताई, सर मनानं वाईट नाहीत हो. दुसऱ्या दिवशी नऊ मिनिटं उशीर झाला म्हणून अर्ध्या दिवसाचा पगार कापला. ही जी ऊन-सावली असते ना ती नुसत्या उन्हापेक्षा वाईट. रोज अपमान झाला असता तर माणूस महिन्याभरात निघून गेला असता. पण अधूनमधून असा गोडवा मिळाला की माणूस त्याचीच वाट बघत बसतो, आणि वाट बघण्यात वर्ष जातं.

जानेवारीत एका दुपारी छोट्या सरांनी मला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. औसा रोडच्या बाजूच्या एका दवाखान्याच्या बिल्डिंगमधे जाऊन, तिथल्या लिफ्टमधे काट्याचं वजनयंत्र ठेवून, त्याच्यावर उभं राहून त्यांनी शूटिंग केलेलं. फ्रेममधे त्यांचे पायमोजे आणि काटा. लिफ्ट खाली निघाली, काटा जरा कमी झाला, मग ६४ वर स्थिर, आणि तळमजला येताना काटा झपकन ७० च्या पुढं गेला आणि परत ६४. हे त्यांनी पाच वेळा केलेलं. एमएस्सी फिजिक्स झालेला माणूस, बारावीचा प्रश्न, आणि त्याला वजनकाटा घेऊन लिफ्टमधे जाऊन बघावं लागलं की आपण वेडे तर नाही. म्हणाले, "ताई, मला रात्री झोपेत पण वाटायचं की मीच कुठंतरी दिशा चुकवायलोय." तो व्हिडिओ त्यांनी मोठ्या सरांना कधीच दाखवला नाही. दाखवून उपयोग नव्हता आणि ते त्यांना माहीत होतं, त्यांनी तो स्वतःसाठी काढला होता.

शिव्या, पगारकपात हे लोकांना दिसतं. पण डोळ्यांनी बघितलेल्या गोष्टीवरचा विश्वास उडतो ते कुठल्या स्लिपवर येत नाही. छोट्या सरांची झोप गेली, ॲसिडिटी सुरू झाली, रविवारी संध्याकाळी हात थरथरायचे. मी त्यांना टेली-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाईनचा १४४१६ नंबर दिला, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. त्यांनी दोनदा फोन केला, एवढं मला माहिती आहे.

आता रजिस्टरबद्दल, कारण क्लासचं खरं नुकसान तिथं दिसतं. आमच्या टेस्ट सेलला एक लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर होतं, मी येण्याच्या आधीपासूनचं, त्यात कुणालाही पेपरात, कीमधे, स्कॅनिंगमधे चूक दिसली की तारीख टाकून लिहायची. ऑक्टोबर २०२३ पर्यंत दर महिन्याला दहा-बारा नोंदी असायच्या, त्यातल्या बऱ्याच छोट्या, पर्याय दोनदा छापला, एकक चुकलं, असं. त्या मंगळवारनंतर नोंदी कमी होत गेल्या, जानेवारीत एक, फेब्रुवारीत शून्य. आणि मोठ्या सरांनी ते कोरं पान मीटिंगमधे हातात धरून दाखवलं, बघा, शिस्त लावली की असं होतं, एकही चूक नाही. मनापासून खूश होते ते.

चुका तितक्याच होत होत्या. एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या वॉर्डमधे औषधाच्या चुका मोजल्या तेव्हा त्यांना आधी उलटंच दिसलं, जिथली टीम चांगली तिथं चुका जास्त. मग लक्षात आलं की चांगल्या टीममधे चुका जास्त होत नाहीत, सांगितल्या जास्त जातात. आमचं लाल रजिस्टर म्हणजे त्याचा पुरावाच. आणि ॲमस्टरडॅमला नेविचका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मधे एक प्रयोग छापला, तिघातिघांचे ग्रुप केले, प्रत्येकाला थोडी वेगळी माहिती दिली, सगळ्यांनी आपापलं सांगितलं तरच बरोबर निर्णय होईल असं काम. जिथं नेता फार मीपणावाला होता तिथं लोकांनी त्याला नेता म्हणून चांगले मार्क दिले, पण प्रत्यक्षात त्या ग्रुपमधे माहिती कमी फिरली आणि निर्णय वाईट झाला. आमच्याकडे हेच, बाहेर विचारलं तर सगळे म्हणणार सर ग्रेट आहेत, आणि आत कुणी कुणाला खरं सांगत नाही.

फेब्रुवारीत स्कॅनरनं एका सेटच्या शीट चुकीच्या वाचल्या, फिकट गोल सोडून दिले. मशीनवाल्या पोराला पहिल्याच आठवड्यात शंका आली होती. तीन आठवडे बोलला नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, मॅडम, छोट्या सरांचं काय झालं बघितलं ना. ते प्रकरण पालकांपर्यंत गेलं, खूप गाजलं, सरांनी आमच्यात गद्दार कोण ते शोधायला सुरवात केली, मोबाईल बाहेर ठेवून मीटिंग, कोण कुणाबरोबर चहा पितो याची चौकशी, आणि मार्चमधे एकाच महिन्यात चार शिक्षक सोडून गेले, दोघं तर समोरच्याच क्लासला. सरांनी त्यांचे फोटो वेबसाईटवरून काढले आणि सांगितलं की मीच काढलं त्यांना.

लोक विचारतात की मग वेळेत सोडून का नाही गेला सगळे. सोपं नाही हो ते. मराठवाड्यात एमएस्सी-बीएड झालेला पोरगा अनुदानित शाळेत लागायला किती वर्षं थांबतो ते ज्याच्या घरी असा पोरगा आहे त्याला विचारा. तीस-पस्तीस हजार रोख हातात देणारा मालक म्हणजे देव. त्यात आपल्याकडे सर या शब्दाला वजन आहे, गुरुपौर्णिमेला आम्ही सगळे स्टाफवाले रांगेनं पाया पडायचो, आणि सकाळी ज्याच्या पाया पडलो त्याला दुपारी तुमचं चुकलं म्हणायला जीभ वळत नाही. गुरूचा मान आणि मालकाचा पगार एकाच माणसाकडे, आणि तो माणूस असा.

तेव्हा काय करता आलं असतं यावर मी पुष्कळ विचार केलाय. भर मीटिंगमधे बोलायला नको होतं हे छोटे सर स्वतःच म्हणतात, अशा माणसाला चारचौघात चूक दाखवली की त्याला ती प्रश्नाची चूक दिसत नाही, स्वतःवरचा वार दिसतो. एकट्यात, केबिनमधे, "पालकांच्या आधी आपणच की सुधारली तर क्लासचं नाव होईल" असं म्हटलं असतं तर कदाचित ऐकलं असतं. मी नंतर दोनदा असं करून बघितलं, एकदा चाललं. पण सतत असं बोलणं म्हणजे आपणही त्यांच्या आरशाला पॉलिश करत बसणं, ते वर्षभर करून बघा, घरी आल्यावर लेकरांशी पण तसंच गोड खोटं बोलायला लागतो माणूस. त्यापेक्षा पेपर कुणाचाही असो, मालकाचा असला तरी, दुसऱ्या माणसाची सही झाल्याशिवाय छापायला जाणार नाही, हा नियम त्या शनिवारच्या आधी असता तर प्रश्न कुणाच्या इज्जतीचा झालाच नसता. आणि ओरिजिनल सर्टिफिकेटं कुणाकडे जमा करू नका, झेरॉक्सवर स्वतः सही करून द्या, हे मी आता प्रत्येक नवीन पोराला सांगते. तोंडी जे सांगितलं जातं ते त्याच दिवशी मेसेज करून "सर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे असं असं करतेय" असं लिहून ठेवा. माझ्याकडे त्या शनिवारचा एक मेसेज असता, पेपर मिळाला, थेट टाईपला देते, एवढाच, तर छोट्या सरांवर खापर फोडता आलं नसतं, आणि मलाही हो म्हणता आलं नसतं.

छोटे सर एप्रिल २०२४ मधे गेले. जायच्या आधी मी त्यांना म्हणाले की त्या दिवशी मी खोटं बोलले. म्हणाले, माहिती आहे ताई, तुमची मान खाली होती. एवढंच बोलले आणि मला त्यांच्या डब्यातली भाकरी दिली. आता ते एका ज्युनिअर कॉलेजला आहेत, पगार निम्मा, झोप लागते. ती चाकूरची मुलगी तिसऱ्या टेस्टनंतर ए बॅचला परत आली होती, स्वतःच्या बळावर. मधल्या काळात ती डाऊट काउंटरला येऊन तोच प्रश्न घेऊन बसलेली आणि छोट्या सरांनी तिला सांगितलं होतं की तुझं बरोबर आहे. तिनं विचारलं, मग की का बदलत नाहीत सर? ते म्हणाले पुढचा प्रश्न घे.

क्लास अजून चालू आहे, ॲडमिशन फुल असतात.

मी त्याच वर्षी जूनमधे सोडलं, सर्टिफिकेटं मिळायला अजून चार महिने चकरा मारल्या. आता दुसऱ्या एका ऑफिसला आहे, बिलांचं काम. लागून तीन आठवडे झाले असतील, साहेबांनी केलेल्या शीटमधे मला बेरजेची चूक दिसली, १,८०० रुपयांची. सोमवारी दिसली. मंगळवारी मी कॅल्क्युलेटरवर चार वेळा केली, बुधवारी नवऱ्याला घरी दाखवली, तो म्हणाला अगं चूकच आहे की ही. गुरुवारी दुपारी मी शीट घेऊन साहेबांच्या टेबलाजवळ गेले, पाठ केलेलं वाक्य विसरले आणि नुसतं बोट ठेवलं त्या आकड्यावर. साहेबांनी चष्मा वर केला, बघितलं, म्हणाले, "अरे हो की. बरं झालं सांगितलंत, दुरुस्त करून टाका." आणि फोन आला म्हणून बाहेर गेले. मी बराच वेळ तिथंच उभी होते, शीट हातात धरून, शिपाईमामांनी येऊन विचारलं, मॅडम, काही पाहिजे का.